‘ग्रेन ऑफ सॉल्ट’ कुठे वापरायचं आणि हे मीठ आलं कुठून

कोणी ‘टेक इट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट’ म्हणालं की बऱ्याच जणांना वाटतं समोरच्याला सरळ खोटारडा ठरवलंय. तसं नाहीये. ऐका, पण लगेच शंभर टक्के खरं धरू नका, एवढंच.

वापरायला सगळ्यात सेफ जागा म्हणजे स्वतःचाच अंदाज. समजा बॉसने विचारलं काम कधी संपेल आणि तुम्ही दोन आठवडे म्हणालात पण पक्कं माहिती नाहीये, तर पुढे जोडून द्या ‘बट टेक दॅट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट’, म्हणजे उद्या तारीख पुढे ढकलली गेली तरी कोणी तुम्हाला धरणार नाही. ऐकीव बातम्या, ऑनलाइन रिव्ह्यू, विकणाऱ्याचे दावे, इथेही चालतं. पण ज्याचं बोलणं आहे त्याच्या तोंडावर नको, लागतं माणसाला. ब्रिटिश लोक ग्रेनऐवजी पिंच म्हणतात, दोन्ही बरोबर.

आता उगम, हा भाग मला फार आवडतो. रोमन लेखक प्लिनीने इ.स. 77 च्या सुमारास निसर्गावर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात पॉन्टस या काळ्या समुद्राकाठच्या जुन्या राज्याच्या मिथ्रिडेटिस राजाचा विषावरचा उतारा दिलाय, राजा हरल्यावर रोमन सेनापती पॉम्पीला तो राजाच्या खाजगी टिपणांत, राजाच्याच अक्षरात सापडला म्हणे. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची वीस पानं, सगळं एकत्र कुटायचं आणि वर मिठाचा एक कण, उपाशीपोटी घेतलं की त्या दिवशी कुठलंच विष बाधणार नाही. बघा, इथलं मीठ खरंखुरं मीठ आहे, संशयाचा पत्ताच नाही! संशयाच्या अर्थाने इंग्रजीत हे दिसतं थेट 17व्या शतकात. त्यामुळे ‘मीठ असलं की विष सौम्य वाटतं म्हणून हा अर्थ आला’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर ते नंतर जुळवलेलं स्पष्टीकरण समजा, प्लिनीने तसं काही लिहिलेलं नाहीये.

आणि एक, हे आपल्या तिखटमीठ लावून सांगण्याशी जोडू नका. तिथे मीठ सांगणारा लावतो, इथे ऐकणाऱ्याने घ्यायचंय. मराठीत बोलताना सरळ ‘ऐकीव आहे, खात्री करून घे’ म्हणा.