गांधीलमाश्यांचं पोळं काढताना या चुका टाळा

सोलर हीटरच्या टाकीखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, जिन्यातल्या मीटरच्या पेटीत, गॅलरीच्या छज्जाच्या कोपऱ्यात. नाशिकच्या सोसायट्यांत आणि बंगल्यांत गांधीलमाश्या जागा धरतात त्या अशा: वर आडोसा, ऊन-पावसापासून सुटका आणि माणसाचा हात सहसा न पोहोचणाऱ्या. पावसाळाभर पोळं वाढत राहतं आणि दिवाळीच्या साफसफाईत शिडी लावली की एकदम तोंडासमोर येतं. मग घाई होते, आणि चावण्याचे बहुतेक प्रसंग या घाईतूनच घडतात.

पोळं कोणाचं, हे न बघताच हात घालणे

आधी चार-पाच मीटरवरून नीट बघा. उघडी षटकोनी घरं असलेलं, राखाडी कागदासारखं, एका बारीक देठावर लटकणारं पोळं म्हणजे कागदी गांधीलमाशी. यात दहा-वीस ते शंभरेक माश्या असतात. हे घरच्या घरी काढता येतं.

फुटबॉलसारखं बंद, बाहेरून कवच आणि आत जायला एकच भोक असेल, किंवा भिंतीच्या पोकळीत वा जमिनीतल्या बिळात ये-जा दिसत असेल, तर ती मोठी गांधील. काळ्या अंगावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली जात आपल्याकडे दिसते. ती लहान गांधीलमाश्यांची पोळी लुटून त्यांच्या अळ्या खाते. तिच्या वाट्याला स्वतः जाऊ नका, पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा.

भिंतीला चिकटलेले मातीचे गोळे किंवा नळ्या कुंभारीण माशीच्या. ही एकटी राहते, घराची राखण करत नाही. दिवसाढवळ्या पत्र्याने खरवडलं तरी चालतं. फक्त प्लगच्या भोकात माती भरली असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

आणि उंच इमारतीच्या कडेला किंवा पाण्याच्या टाकीखाली हातभर रुंदीचं एकच मोठं पोळं, वर माश्यांचा थर, तर ते आग्या मोहोळ. त्याला खालचा एकही उपाय लागू नाही. या माश्या झुंडीने उठतात आणि लांबवर पाठलाग करतात. ते काम मधमाश्यांच्या जाणकाराचं.

परदेशी व्हिडिओवर विसंबणे

पिवळ्या-काळ्या ‘यलो जॅकेट’चे व्हिडिओ सांगतात की थंडी पडली की पोळं आपोआप मरतं, तोवर थांबा. त्या माश्या थंड प्रदेशातल्या. भारतात त्या हिमालयाच्या पट्ट्यात आढळतात. नाशिकला जानेवारीत पारा कितीही उतरला तरी आपल्या कागदी गांधीलमाश्यांची पोळी वर्षभर चालू राहू शकतात.

‘राणी मारली की वसाहत संपली’ हेही इथे खरं ठरत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या आपल्याकडच्याच गांधीलमाशीचा अभ्यास केला. राणी काढून घेतली की कामकऱ्यांपैकीच एक लगेच आक्रमक होते आणि काही दिवसांत अंडी घालू लागते. म्हणून एकेक माशी टिपण्यात अर्थ नाही, पोळं सगळ्या माश्यांसकट काढावं लागतं.

दिवसा काठी मारणे

दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात. पोळं पडलं की त्या परत येतात आणि जागा राखायला घिरट्या घालतात. काम अंधार पडल्यावर तासाभराने किंवा पहाटे उजाडण्याआधी करा. विजेरी हातात धरू नका, माश्या उजेडाच्या दिशेने येतात. ती बाजूला स्टुलावर ठेवा आणि काचेवर लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही.

अंगात जाड जीन्स, त्यावर पावसाळी रेनकोट, बंद बूट, हातमोजे, आणि हेल्मेटखाली मान झाकणारी ओढणी. पळायची वाट आधी मोकळी करा. शिडीवर चढून हे काम अजिबात करू नका, डंखापेक्षा शिडीवरून पडणं महागात जातं.

चुकीचा फवारा

घरातल्या झुरळांच्या स्प्रेचा झोत जेमतेम हातभर जातो, म्हणजे तोंड पोळ्याजवळ न्यावं लागतं. त्यापेक्षा कुंड्यांसाठीचा २ लिटरचा प्रेशर पंप घ्या. १ लिटर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड २ मोठे चमचे, साधारण ३० मिलि. नोझल फिरवून फवारा न ठेवता सरळ धार करा. थेट खाली न उभं राहता बाजूने, वारा पाठीवर घेऊन, धार पोळ्यावर दहा-पंधरा सेकंद धरा. साबणाच्या पाण्याने श्वासाची छिद्रं बंद होतात आणि माश्या पटापट खाली पडतात. साधं पाणी मारलं तर नुसत्या चवताळतात.

मीटरची पेटी, एसी, सोलरच्या वायरिंगजवळ मात्र पाणी नाही. तिथे वीज बंद करून जाणकारालाच बोलवा. द्राक्षबागेत मंडपाच्या अँगलला पोळं असेल तर काढणीच्या तोंडावर घरगुती कीटकनाशक मारू नका, ते घडांवर उतरतं.

पेटता टेंभा, रॉकेल, पेट्रोल तर नकोच. बहुतेक स्प्रेतला वायू स्वतःच ज्वालाग्राही असतो. बिळात ओतलेलं पेट्रोल जमिनीत मुरतं, विहिरीपर्यंतही जाऊ शकतं.

भोक बुजवून टाकणे

भिंतीतल्या पोकळीत पोळं असताना बाहेरचं भोक सिमेंटने बंद केलं, तर माश्या दुसरी वाट शोधतात. ती कधी फॉल्स सीलिंगमधून थेट बेडरूममध्ये निघते. आधी आतली वसाहत मरू द्या, दोन-तीन दिवस ये-जा पूर्ण थांबली की मगच बुजवा.

मेलेलं पोळं तिथेच सोडणे

झाकलेल्या घरांतल्या कोषांतून नंतरही माश्या बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी उजेडात पोळं पत्र्याने खरवडून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, मग पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. देठाची जागा ब्रशने घासा.

चावल्यावर

गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते. ती त्वचेत सहसा राहत नाही, आणि एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. म्हणून काटा शोधत न बसता आधी तिथून लांब जा. अंगठी-बांगडी सूज चढायच्या आत काढा, साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. चुना, रॉकेल, लोखंड घासणं टाळा.

ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. ॲलर्जीची गोळी अशा वेळी पुरत नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. तोंडात किंवा घशात डंख बसला तरी थांबू नका. मोठ्या गांधिलीचे अनेक डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. विषाने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, लघवी चहासारखी गडद होणं हे त्याचं लक्षण.

‘पोळं काढलं, तरी माश्या येतातच’

रात्री बाहेर राहिलेल्या माश्या एक-दोन दिवस त्या जागी येतात. त्यांना हुसकावू नका, पोळं नाही म्हटल्यावर पांगतात. आठवड्यानंतरही येत असतील तर जवळच दुसरं पोळं आहे, खिडकीचा चॅनेल आणि छज्जाची खालची बाजू तपासा. फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत दर आठ दिवसांनी एक फेरी मारा. दहा रुपयांच्या नाण्याएवढं पोळं, वर एक-दोनच माश्या, ते संध्याकाळी उशिरा जाळ्यांच्या लांब झाडूने निघतं.