पॉइंटरच्या बेरीज-वजाबाकीवर कंपायलर का अडतो?

सी भाषेत पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, 1 मिळवला की पत्ता एका बाइटने नाही, एका घटकाने पुढे सरकतो. इंट (पूर्णांक) 4 बाइटचा असेल तर 4, डबल (दशांश संख्या) 8 बाइटचा असेल तर 8. म्हणजे पॉइंटर कोणत्या टाइपचा आणि त्या टाइपचा आकार किती, हे कंपायलरला माहीत हवं. बहुतेक एरर इथूनच येतात.

जीसीसी या कंपायलरचा नेहमीचा संदेश म्हणजे 'इनव्हॅलिड ऑपरँड्स टू बायनरी +'. कोडला हात लावण्याआधी त्याच ओळीतला 'हॅव'ने सुरू होणारा कंस वाचा. चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे टाइप तिथे दिलेले असतात, आणि निम्मं काम तिथेच होतं. दोन्हीकडे 'इंट *' असेल तर तुम्ही दोन पत्त्यांची बेरीज केली आहे, आणि सीमध्ये तिला काही अर्थ नाही. बायनरी सर्च (क्रम लावलेल्या ॲरेत मधला घटक बघत शोधणं) पॉइंटरने लिहिताना हे हमखास होतं: (लो + हाय) / 2. त्याऐवजी लो + (हाय - लो) / 2 लिहा. वजाबाकी चालते, कारण तिचं उत्तर पत्ता नसून मधल्या घटकांची संख्या असते. मात्र दोन्ही पॉइंटर एकाच टाइपचे आणि एकाच ॲरेतले हवेत. कंसात एका बाजूला 'डबल' दिसला, तर तिथे पूर्णांक द्या.

'एलव्हॅल्यू रिक्वायर्ड ॲज इन्क्रिमेंट ऑपरँड' आला तर बहुधा ॲरेच्या (समजा ए) नावावरच ++ लावलेलं असतं. वेगळा पॉइंटर घ्या, इंट *पी = ए; आणि पी++ करा.

व्हॉइड *, म्हणजे टाइप न ठरलेला पॉइंटर, जास्त फसवा. त्याच्यावर गणित करायला सीचं स्टँडर्ड परवानगी देत नाही, पण जीसीसी आकार 1 बाइट धरून गुपचूप पुढे जातो. तोच कोड मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर अडतो. आधी तो 'char *' या टाइपमध्ये कास्ट करा (टाइप बदलून घ्या), आणि '-पेडँटिक' लावून कंपाइल करा, म्हणजे वॉर्निंग मिळेल. स्ट्रक्ट नुसतं जाहीर केलं असून त्याची व्याख्या त्या फाइलला दिसत नसेल, तर त्याचा आकार कळत नाही आणि कंपायलर अडतो; योग्य हेडर जोडा.

'मेक्स इंटिजर फ्रॉम पॉइंटर विदाउट अ कास्ट' म्हणजे बहुतेकदा * राहिला किंवा & जास्त झाला. जीसीसी 14 पासून ही वॉर्निंग नसून एरर आहे. कास्ट घालून तिचं तोंड बंद करू नका.

*पी + 1 आणि *(पी + 1) यांतली गल्लत मात्र कंपायलर पकडत नाही. ॲरेच्या हद्दीबाहेर वाचणंही बहुधा सुटतं; त्यासाठी '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस' लावून प्रोग्राम चालवावा लागतो.