कॉम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरातला कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बंद होऊन आपोआप परत चालू व्हायचा. दुकानात नेला की दोन दिवस गुमान चालायचा. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारला, आठवड्याने परत तेच, परत फॉरमॅट. शेवटी आईच म्हणाली, "अरे, हा नेमका मोटार लावायच्या वेळेलाच कसा बंद पडतो?"

अपार्टमेंटची बोअरची मोटार साडेसहाला लागते. ती सुरू होताना खूप करंट ओढते, क्षणभर व्होल्टेज खाली बसतं, यूपीएस बॅटरीवर जातो. आणि आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. विंडोजचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून पहिलं काम कॅबिनेट उघडण्याचं नाही, वही घेण्याचं आहे. तीन-चार दिवस लिहून ठेवा: किती वाजता रीस्टार्ट झाला, चालू करून किती वेळ झाला होता, तेव्हा काय चाललं होतं, घरातला दिवा मिचकला का, मिक्सर किंवा गीझर चालू होता का. मोटार-मिक्सरच्या वेळेला होत असेल तर वीज तपासायची. गेम किंवा जड काम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर उष्णता नाहीतर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). कशाचाही मेळ नसेल आणि दरवेळी वेगळा एरर येत असेल, तर रॅमवर (चालू कामाच्या मेमरीच्या पट्टीवर) संशय घ्या. रात्री चालू ठेवला आणि सकाळी लॉगिनचा स्क्रीन दिसला, तर बहुधा अपडेट. त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ॲक्टिव्ह अवर्समध्ये तुमच्या कामाची वेळ घाला, विषय संपला.

याच दिवसांत फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, कागदपत्रांचे स्कॅन पेनड्राइव्हवर नाहीतर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते.

आता विंडोजकडूनच माहिती काढू. निळा स्क्रीन आला की विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करतं, त्यामुळे एरर वाचायला वेळच मिळत नाही. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' पुढची खूण काढा. पुढच्या वेळी स्क्रीन तसाच थांबेल (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तो काळा असतो). खालच्या स्टॉप कोडचा, म्हणजे एररच्या नावाचा, मोबाइलवर फोटो काढा. खूण काढूनही मशीन एकही अक्षर न दाखवता फटकन रीस्टार्ट होत असेल, तर तेही उत्तरच आहे: विंडोजला कोसळायलासुद्धा वेळ मिळत नाहीये, म्हणजे बहुतेक वीज, एसएमपीएस किंवा तापणं.

दुसरी जागा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून तो उघडा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टीम' निवडा आणि वहीतल्या वेळेच्या नोंदी बघा. १०७४ नंबर दिसला तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर रीस्टार्ट केलंय. ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अचानक होतं. ४१ नंबरचा 'कर्नल-पॉवर' बघून लोक घाबरतात, पण तो फक्त 'मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. त्याच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल तर वीज तुटल्याची किंवा मशीन अडकून पडल्याची शक्यता जास्त. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचाच कोड.

माझी आवडती चाचणी मात्र फुकटची आहे. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर) जा आणि अर्धा तास तसंच सोडून द्या. तिथे विंडोज चालूच नसतं. तरी रीस्टार्ट झालं, तर दोष विंडोजबाहेर आहे आणि फॉरमॅटवर घातलेला पैसा वाया जाणार. बायॉसमध्ये शांत राहिलं म्हणून मात्र हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण तिथे मशीनवर भार फारसा येत नाही.

आता वीज. आपल्याकडे माझा पहिला संशय इथेच असतो. कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल काढून घट्ट बसवा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून भिंतीतल्या थ्री-पिनला थेट जोडून बघा. प्लग सॉकेटमध्ये डुगडुगत असेल, चरचर आवाज येत असेल, तर तो सॉकेट बदलायलाच हवा. २०१९च्या ऑगस्टमध्ये ज्या घरांत कृष्णेचं पाणी शिरलं आणि भिंतीतलं वायरिंग तेव्हापासून तेच आहे, तिथे सॉकेटच्या पितळी पट्ट्या गंजल्या नाहीत ना, हे वायरमनकडून एकदा बघून घ्या. अर्थिंगही त्याच फेरीत तपासून होईल. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. हे मोजमाप सवय नसताना स्वतः करू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजा.

यूपीएसची परीक्षा अशी घ्या: कॉम्प्युटर काढा, त्या जागी ६० वॅटचा साधा बल्ब लावा, आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेली. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी असते. उन्हाळ्यात बंद खोलीत ती दोन-तीन वर्षांतच मान टाकते. फक्त बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस घ्यायची गरज नाही. आमच्याकडे एवढंच केलं.

वीज ठीक असेल तर धूळ. मार्केट यार्डाजवळच्या एका ओळखीच्या घरी कॅबिनेट उघडलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर होता, बोटाने खरवडला तर निघाला. सीपीयू टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवायची आणि वर क्रोशाचं कव्हर घालायची सवयही सोडा. गरम हवेला जायला वाट हवी. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, तरी उष्णता वाढत गेली तर मशीन बंद पडतं. एक फरक लक्षात ठेवा: तापून पडलेलं मशीन सहसा बंदच राहतं आणि लगेच चालू केलं की लवकरच पुन्हा पडतं.

साफ करताना प्लग आधी काढा. ब्लोअर मारताना पंखा पेन्सिलने अडवून धरा, नाहीतर तो जोरात फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांत अडकलेला मळ मऊ ब्रशने काढा. चार-पाच वर्षांचं मशीन असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी लावली की पुरे. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

उघडलंच आहे तर रॅम काढा. त्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, आणि कडेची क्लिप 'टक' करून बसेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून दिवसभर चालवा. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' रात्री लावून ठेवता येतं. मदरबोर्डवरचे छोटे गोल कॅपॅसिटर डोक्याला फुगलेत का, तेही बघा. आणि एक विसरली जाणारी गोष्ट: कॅबिनेटचं रीसेट बटण आत रुतून बसलेलं असतं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. त्याची वायर मदरबोर्डवरून काढून बघायला एक मिनिट लागतो.

एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. बायॉसमध्ये १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा आकडा ११.४ ते १२.६च्या बाहेर दिसला तर संशय पक्का करण्यासाठी कुणाचातरी चांगला एसएमपीएस उसना लावून बघा. स्वस्तातल्या डब्यावर '४५० वॅट' छापलेलं असतं, पण ग्राफिक्स कार्डाने जोर मागितला की त्याचा दम निघतो.

इतकं करून स्टॉप कोड ड्रायव्हरकडेच (एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरकडेच) बोट दाखवत असेल, तर शेवटी टाकलेला प्रिंटर, ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा घाला.

तरीही सुटलं नाही तर दुकान आहेच. जाताना वही आणि स्टॉप कोडचा फोटो घेऊन जा, आणि घरात ज्या यूपीएसवर मशीन चालतं तो यूपीएसही बरोबर न्या. दुकानातल्या टेबलावर त्यांच्या चांगल्या विजेवर ते नीट चालणारच. मग "काही नाही, फॉरमॅट मारू" हे वाक्य येतं. त्यावर पहिला प्रश्न विचारा, बायॉसमध्ये अर्धा तास ठेवून बघितलं का?