जुनी कॉन्फिग फाइल ठेवली, तरी सर्व्हर बदलतोच

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानाचा सर्व्हर मी बघतो. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेला, त्यासोबत मायएसक्यूएल हा डेटाबेस ५.७ चा ८.० झाला. मधे अपग्रेडने कॉन्फिग फाइलीचं (सर्व्हरची सेटिंग्ज लिहिलेली फाइल) विचारलं, मी 'जुनीच ठेव' म्हणून मोकळा. सोमवारी पावत्या नीट निघाल्या. दसऱ्याला सोयाबीनची आवक वाढली, नवा मुनीम आला, त्याच्यासाठी डेटाबेसचा युजर बनवला आणि त्याचा फोन: "सर, जुन्या मुनीमजीचं चालायलंय, माझंच उघडंना गेलंय."

जुन्या युजरची पासवर्ड पद्धत जुनीच राहते. नव्याला ८.० 'कॅशिंग शा-२' ही नवी पद्धत लावतं, आणि बिलिंगच्या जुन्या ड्रायव्हरला (डेटाबेसशी जोडणारा भाग) ती कळत नाही. कॉन्फिग फाइलीत पासवर्ड पद्धतीची ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. फाइल ठेवली की लिहिलेलं तेवढंच टिकतं. न लिहिलेलं सगळं नव्या आवृत्तीच्या मर्जीवर.

म्हणून आता फाइल नाही, चालू सर्व्हरलाच विचारतो. अपग्रेडआधी मायएसक्यूएलच्या 'शो ग्लोबल व्हेरिएबल्स' कमांडचं आउटपुट, म्हणजे चालू सेटिंग्जची यादी, साठवायचं. पोस्टग्रेस डेटाबेसला 'पीजी सेटिंग्ज', एसएसएचला (लांबून लॉगिनची सेवा) 'एसएसएचडी' कॅपिटल टी लावून. मग दुसऱ्या मशीनवर सर्व्हरची कॉपी घेऊन ती अपग्रेड करायची, तेच आउटपुट पुन्हा काढायचं आणि डिफ मारायचा, म्हणजे दोन्हींतला फरक काढायचा. नव्या नावांची भाऊगर्दी दिसेल, ती तूर्त सोडा. नाव तेच पण व्हॅल्यू बदललेली, अशा ओळी धरा.

५.७ ते ८.० मध्ये त्यात 'लॉग बिन' (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद फाइलींत ठेवणारं सेटिंग) सापडेल: आधी बंद, आता चालू, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर फाइली ३० दिवस ठेवतो. मी डिफ मारलाच नव्हता. दिवाळीच्या तोंडावर डिस्क भरली तेव्हा कळलं. त्या फाइली हाताने उडवू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' वापरा, आणि मुदत ६०४८०० सेकंद, म्हणजे ७ दिवस, अशी फाइलीत लिहून टाका. कॅरेक्टर सेटही (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन-१ चा यूटीएफ-८ एमबी-४ होतो. जुने डेटाबेस तसेच राहतात, नवे वेगळे बनतात, आणि दोन्हींतली टेबलं जोडणाऱ्या क्वेऱ्या कुरकुरू शकतात.

नव्या मुनिमाचं काय केलं? अख्ख्या सर्व्हरची पद्धत मागे नेली नाही. 'ऑल्टर युजर'ने त्याच्या एकट्याचं 'नेटिव्ह पासवर्ड', म्हणजे जुनी पद्धत, केलं आणि वहीत लिहिलं: ड्रायव्हर बदलला की काढणे. ८.४ मध्ये ती पद्धत मुळातच बंद येते, त्यामुळे पुढच्या अपग्रेडआधी ती वही उघडावीच लागेल. बिलिंगवाले अजून "पुढच्या आठवड्यात देतो"वरच आहेत.