व्हॅन परत करायची की ठेवायची? खोट्या माहितीवर झालेला करार इंग्लंडमध्ये कसा मोडावा

श्रावणात आम्ही स्लाऊमध्ये डब्यांच्या धंद्यासाठी जुनी व्हॅन घेतली. ७,२०० पौंड मोजले. जाहिरातीत आणि विक्रेत्याने मला पाठवलेल्या मेसेजमध्ये एकच आकडा होता: ४८,००० मैल. अकराव्या दिवशी एमओटीची (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का, याची इथली सक्तीची तपासणी) पुढची तारीख बघायला सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला, तर तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीतच १,०९,००० मैलांची नोंद! पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी गणपतीच्या जेवणाचे साठ डबे पोचवायचे होते. नवरा म्हणाला, "उद्याचा दिवस निघू दे, मग बघू." मी ऐकलं नाही. किल्ली लिफाफ्यात घातली, वर तारीख-वेळ लिहिली आणि ८५ पौंड देऊन भाड्याची व्हॅन आणली. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलं काम हेच करा: वस्तू वापरणं थांबवा.

कारण सांगते. खोट्या विधानामुळे करार झाला असेल तर इथल्या कायद्यात तो आपोआप रद्द होत नाही. तो मोडायचा की ठेवायचा हे फसलेल्या माणसाने ठरवायचं. मोडला तर वस्तू विक्रेत्याला परत, पैसे तुम्हाला परत. पण खरं कळल्यानंतरही तुम्ही वस्तू वापरत राहिलात, तर तुम्ही करार मान्य केला असा अर्थ निघू शकतो. १९५८ च्या लाँग विरुद्ध लॉइड खटल्यात असंच झालं. माणसाने लॉरी घेतली, पहिल्याच फेरीत दोष दिसले. विक्रेता म्हणाला, डायनामोचा अर्धा खर्च मी देतो. घेणाऱ्याने ते मान्य केलं आणि लॉरी पुन्हा लांबच्या फेरीवर, मिडल्सबरोला पाठवली. तिथे करार मोडायचा हक्क गेला. मी आधीचे अकरा दिवस व्हॅन चालवली त्याचं काय? तेव्हा मला खरं माहीतच नव्हतं, म्हणून ते मान्यता देणं ठरत नाही.

आमच्या विक्रेत्यानेही फोनवर टायमिंग बेल्टचा निम्मा खर्च देऊ केला. मी "नको" म्हटलं, आणि ते लगेच ईमेलवरही कळवलं.

दुसरं काम: त्याच दिवशी लेखी कळवणं. चार ओळी पुरतात. "तुम्ही ४८,००० मैल सांगितलेत, त्यावर विसंबून मी गाडी घेतली. ते विधान खोटं आहे. मी करार रद्द करते आहे. गाडी माझ्या दारात उभी आहे, घेऊन जा आणि ७,२०० पौंड परत करा." विक्रेता गायब झाला असेल तरी हातावर हात ठेवून बसू नका. कॉल्डवेलच्या खटल्यात फसला होता तो विकणारा: कॉल्डवेलने जॅग्वार विकली, पण त्याला मिळालेला चेक वटला नाही आणि घेणारा पसार झाला. कॉल्डवेलने तडक पोलिसांना आणि एए या मोटार संघटनेला कळवलं, तेवढ्यानेच करार मोडला असं कोर्टाने मानलं. मधल्या काळात गाडी एखाद्या अजाण तिसऱ्याने विकत घेतली असती तर हा मार्ग बंद झाला असता. म्हणून घाई करायची.

पत्रात "फसवणूक" हा शब्द मी मुद्दाम टाळला. लबाडी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि ते जड असतं. १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन (खोटं विधान) कायद्याचं कलम २, पोटकलम १ वापरलंत तर तुम्ही एवढंच दाखवायचं की विधान खोटं होतं, त्यामुळे तुम्ही करार केलात आणि तुमचं नुकसान झालं. ते विधान खरं मानायला आपल्याकडे सबळ कारण होतं, हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. रोजच्या रोज गाड्या विकणाऱ्याने एमओटीचा इतिहासही पाहिला नसेल तर तो काय सिद्ध करणार? आणि १९९१ च्या रॉयस्कॉट निकालानंतर या कलमाखालची भरपाई लबाडी सिद्ध झाल्यावर मोजतात त्याच मापाने मोजली जाते.

मग तो म्हणालाच, "संकेतस्थळ तुम्हालाही खुलं होतं, आधी का नाही पाहिलंत?" क्षणभर मी गडबडले, कारण मी कोल्हापुरात एलएलबी केलं आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तसा अपवाद आहे: साधी काळजी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर निव्वळ चुकीच्या विधानावरून करार मोडता येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड, १८८१. तिथे वकिली व्यवसायात भागीदारी घेणाऱ्यापुढे कागद ठेवले होते, त्याने ते तपासले नाहीत, तरी त्याचा हक्क शाबूत राहिला. तपासायची संधी होती, एवढ्याने खोटं बोलणारा सुटत नाही. पावतीवर "मैलांची हमी नाही" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. अशी अट वाजवी आहे का, हे त्याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे तपासलं जातं.

करार मोडायचा नसेल, किंवा ती वेळ गेली असेल, तर भरपाई मागा. हिशेब असा: दिलेली किंमत वजा गाडीची तेव्हाची खरी किंमत. एका गॅरेजवाल्याने ४,५०० लिहून दिले, म्हणजे २,७०० पौंड. वर भाड्याची व्हॅन आणि विम्यासारखा वाया गेलेला खर्च. ४८,००० मैलांच्या गाडीने जो जादा नफा दिला असता तो इथे मिळत नाही, कारण करार झालाच नसता तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला नेणं हे या भरपाईचं काम.

विक्रेता खरोखरच निर्दोष निघाला तर गोष्ट नाजूक होते. तेव्हा भरपाईचा हक्क नसतो, करार मोडणं हाच मुख्य आधार. न्यायाधीश त्याऐवजी त्याच कलम २ च्या पोटकलम २ खाली पैसे देऊ शकतात. पण मोडायचा हक्क आधीच गमावला असेल तर तेही नाही, हे २०१५ च्या सॉल्ट विरुद्ध स्ट्रॅटस्टोन निकालात ठरलं. म्हणून माझा आग्रह पुन्हा त्या किल्लीच्या लिफाफ्यावरच.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचं संरक्षण नसतं. घरगुती खरेदी असेल तर तो कायदाही अवश्य बघा. दावा १०,००० पौंडांपर्यंतचा असेल तर तो साधारणपणे लहान दाव्यांच्या मार्गाने जातो. तिथे जिंकलात तरी वकिलाची फी सहसा परत मिळत नाही, त्यामुळे आम्ही सॉलिसिटर केला नाही. आधी चौदा दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवलं. सोबत जाहिरातीचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट, एमओटीची छापील प्रत, भाड्याची पावती.

बाराव्या दिवशी विक्रेत्याचा ट्रक आला. ७,२०० पौंड खात्यात दिसेपर्यंत मी लिफाफा उघडला नाही.