सुप्त कासदाहावरचा माझा प्रस्ताव कसा सावरला

पदव्युत्तर पदवीसाठी सुप्त कासदाहावर (बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या, कासेच्या दाहावर) लिहिलेला माझा पहिला संशोधन प्रस्ताव मार्गदर्शकांनी समासात एवढाच शेरा मारून परत केला: ‘प्रश्न कोणता? 400 नमुने कसे?’ शेरा झोंबला, पण तो रास्त होता. शंभर संकरित गाईंचे चार-चार सड मोजून मी 400 स्वतंत्र नमुने मांडले होते. वास्तविक एकाच गाईच्या चारही सडांना गोठा, दोहणारे हात आणि तिची प्रतिकारशक्ती समाईक असते, त्यामुळे ते सांख्यिकीच्या दृष्टीने स्वतंत्र धरता येत नाहीत.

मग प्रश्न एकाच वाक्यात बसवला: तालुक्यातील दुभत्या संकरित गाईंपैकी किती गाईंच्या किमान एका सडात सुप्त कासदाह आढळतो? एकक गाय ठरल्यावर गणित सुटले. अंदाजित प्रमाण 50 टक्के, विश्वासपातळी 95 टक्के आणि त्रुटी 10 टक्के धरल्यास 97 गाई पुरतात. मात्र एका गोठ्यातील गाई एकमेकींसारख्या असतात, म्हणून ती संख्या दुप्पट करून 194 केली.

कार्यपद्धतीत ‘सीएमटी चाचणी केली जाईल’ (सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, दुधावरून कासदाह ओळखण्याची चाचणी) एवढ्यावर न थांबता, पहिल्या धारा टाकून देणे, चार खणांच्या पॅडलमध्ये दूध व अभिकर्मक (चाचणीचे रसायन) समप्रमाणात मिसळणे आणि मिश्रण किती घट्ट झाले त्यावरून श्रेणी देणे, असा क्रम लिहिला. प्रतिजैविकांचे प्रकरण, हौसेने घातलेले, वगळले. खर्चाच्या तक्त्यात बर्फ आणि पेट्रोल मात्र दुसऱ्या खेपेलाही लिहायचे राहूनच गेले होते.