सपाट आहे म्हणून फसू नका: इटलीत नदी-कालव्याकाठी सायकल चालवताना या चुका टाळा

"दाजी, ह्यापेक्षा घाट परवडला. घाटाला निदान उतार तरी असतो!"

पो नदीच्या पूरबांधावर, भर दुपारी, सीटवरून उठून उभ्यानेच पायडल मारत माझा मेहुणा हे म्हणाला. सकाळपासून आमचे ५८ किलोमीटर झाले होते आणि मुक्काम अजून लांब होता. पुण्यात नकाशा बघताना हाच माणूस म्हणाला होता, "सगळं सपाटच तर आहे, रोजचे शंभर कुठे गेले नाहीत." उत्तर इटलीच्या त्या सपाटीवर आम्ही तिघं दोनदा गेलो, एकदा जुलैत आणि एकदा सप्टेंबरअखेर. पहिल्या खेपेच्या चुका दुसऱ्या खेपेला निम्म्यावर आल्या. बहुतेकांचं मूळ एकच होतं, सपाट म्हणजे सोपं असं धरून चालणं.

रोजचं अंतर

सपाटीवर पायांना सुट्टी नसते. घाटात चढ संपला की पंधरा मिनिटं नुसतं बसून खाली यायचं असतं, तेवढ्यात मान, मनगटं, बूड सगळ्यांना विसावा मिळतो. इथे पायडल थांबलं की सायकल थांबली. दम लागत नाही, त्यामुळे आपण थकतोय हे कळतच नाही. मग दुपारी अचानक बूड आणि तळहात बोंबलायला लागतात.

सामानासकट १२ ते १५ किलोमीटरचा वेग धरा आणि दिवसाला ४०-५० किलोमीटरवर थांबा. दर पाऊण तासाने खाली उतरून शंभर पावलं चाला. भाड्याची सायकल घेताना मऊ, जाड गादीच्या सीटला भुलू नका, ती पहिल्या तासाला सुखाची आणि तिसऱ्या तासाला शत्रू. बोटांना मुंग्या येत असतील तर बहुतेकदा सगळं वजन हातांवर येत असतं. सीटचं नाक पुढे झुकलंय का ते बघा आणि हँडल थोडं वर घ्या.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. गार्दा तलावाकाठचं पेस्किएरा ते मांतोवा हा मिंचो नदीकाठचा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा. गार्दा तलाव समुद्रसपाटीपासून ६५ मीटरवर आणि मांतोवा १९ वर, म्हणजे नदीसोबत गेलात तर कळणारही नाही इतका उतार तुमच्या बाजूने असतो. समुद्राजवळ, पोच्या त्रिभुज प्रदेशात मात्र उतार-चढाचा प्रश्नच नाही, तिथली कित्येक शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. तिथे उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा येतो. पूर्वेकडे जाणार असाल तर सकाळी लवकर निघा.

बांध सोडायचाच नाही, ही चूक

फेरारा जिल्ह्यात स्तेल्लाता ते गोरिनो असा पोच्या उजव्या काठाने १२० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे. जवळजवळ सगळा बांधावरून. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खाली कौलं आणि चर्चचा मनोरा. नदीने शतकानुशतकं गाळ आणून टाकला आणि माणसांनी बांध उंच करत नेले, म्हणून कितीतरी ठिकाणी पाणी गावापेक्षा वर. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोलेझिने भागात हे बांध फुटले, तेव्हा दीड लाखाहून जास्त माणसं बेघर झाली. वरून जाताना ती उंची डोळ्यांना दिसते.

बांधावर सावली औषधालाही नाही. पाणीही नाही. आम्ही पहिल्या दिवशी बांधाला चिकटून राहिलो आणि साडेबारापर्यंत बाटल्या रिकाम्या केल्या. खाली गावात बाकं होती, झाडं होती, चौकात अखंड वाहणारा नळ होता. आम्ही त्यांच्या डोक्यावरून निघून गेलो होतो. दर दहा-बारा किलोमीटरला उतारवाटेने गावात उतरायचं, बाटली भरायची, कॉफी प्यायची आणि पुन्हा वर यायचं. नळावर 'नॉन पोताबिले' असं लिहिलेलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

उजवी बाजू आणि उलटे ब्रेक

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती थांबल्यानंतर. फोटो काढायला उतरलात, गावच्या गल्लीतून एकटेच बाहेर पडलात, की शरीर आपोआप डावी बाजू धरतं. पुन्हा सायकलवर बसताना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, असं आम्ही ठरवून टाकलं. हास्यास्पद वाटतं, पण उपयोग होतो. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि गाडी डावीकडून येणार हे लक्षात ठेवायचं.

ब्रेकबद्दल मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागचा. तिथल्या भाड्याच्या सायकलींवर बहुधा उलट असतं, डावा पुढचा. बायकोला वेग कमी करायला डावा ब्रेक दाबायची वर्षानुवर्षांची सवय. बांधावरून खाली येणारी खडीची वाट, वीस-पंचवीस फुटांचा काय तो अख्ख्या दिवसातला उतार, आणि तिने सवयीने डावा दाबला. पुढचं चाक जागच्या जागी अडलं, खडीत घसरलं, गुडघा सोलला. थोडक्यात निभावलं. सायकल ताब्यात घेतली की आधी दुकानाच्या अंगणात दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघा. काही शहरी सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो, तेही विचारून घ्या.

घंटी आणि दिवे कायद्याने लागतात. गावाबाहेर अंधारात चमकदार जाकीट सक्तीचं आहे. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, आम्ही घातलं.

पाऊस पडून गेल्यावर

बांध आणि नदीपात्र यांच्यामधल्या पट्ट्याला तिथे गोलेना म्हणतात. पॉपलरच्या रांगा, बगळे, गार सावली. नकाशावर तिथून जवळची वाटही दिसते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर तिकडे फिरकू नका. गाळाची चिकणमाती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण. दोनशे मीटरमध्ये मडगार्ड आणि टायरमधली फट भरून चाक फिरेनासं झालं. मेहुण्याने काटकी घेतली, मी चमचा, आणि पाऊण तास माती कोरत बसलो. अशा वेळी सायकल ढकलत पुढे नेऊ नका, माती आणखी घट्ट दाबली जाते. उचलून गवतावर आणा, चाक काढा, मडगार्ड आतून साफ करा, मग चेनला तेलाचे दोन थेंब.

पंक्चरची कारणं ओळखीचीच. काठाने बाभळीसारखी काटेरी रोबिनिया माजलेली असते, कुंपण छाटलं की काटे रस्त्यावर. रेताड जागी आपला सराटाही भेटतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. सुटी ट्यूब घेताना व्हॉल्व्ह जाड की बारीक ते पाहून घ्या. दुकानात "ओ फोरातो" म्हटलं की पंक्चर झालंय हे कळतं, ट्यूब म्हणजे 'कामेरा दारिया'. टायर ३५ मिलिमीटरहून बारीक नको, डांबर संपून पांढरी खडी कधी लागेल सांगता येत नाही.

जेवणाची वेळ आणि शाकाहार

गावातलं स्वयंपाकघर दुपारी साडेबाराला तापतं आणि दोनच्या सुमारास विझतं. त्यानंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत गरम जेवण विसरा. दुकानंही दुपारी तीन-चार तास बंद. सोमवारी बऱ्याच खानावळी उघडत नाहीत, १५ ऑगस्टच्या आसपास तर निम्मं गाव सुट्टीवर. आधी जेवा, उरलेले किलोमीटर नंतर.

शाकाहाऱ्यांनी 'सेन्झा कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढ्यावर भागेल असं समजू नये. बायकोने ते स्वच्छ उच्चारात सांगितलं आणि समोर ट्यूना मासा घातलेलं सॅलड आलं. मासा आणि हॅम वेगळे सांगावे लागतात: 'सेन्झा पेशे, सेन्झा प्रोशुत्तो'. फेराराचा चार शिंगांचा प्रसिद्ध पाव, कोप्पिया, त्यात डुकराची चरबी असते. पाकिटावर 'स्त्रुत्तो' हा शब्द शोधा. रिसोत्तो नावाने साधा भात, पण शिजतो बहुधा मांसाच्या रश्शात, आणि मांतोवाकडच्या 'आल्ला पिलोता' प्रकारात तर डुकराचं मांसच. ग्राना पादानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, ते चालतं का हे घरूनच ठरवून जा.

मग खायचं काय? मांतोवाचे तोर्तेल्ली दी झुक्का: भोपळा, बदामी बिस्किटांचा चुरा, मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा असं गोडसर सारण, वर लोणी आणि सेजची पानं. आतही चीज असतं, तेवढं ध्यानात ठेवा. पुरणाच्या करंजीची आठवण येते, चवीला मात्र भलतंच काहीतरी आणि फार छान. चीजही नको असेल तर मारिनारा पिझ्झा. नावात समुद्र असला तरी त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल.

चुकीचा महिना

जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीला जातो, हवा दमट आणि डास आपल्याला लाजवतील असे. भातखाचरांजवळ संध्याकाळी अर्ध्या चड्डीत थांबूच नका. नोव्हेंबर ते जानेवारी धुकं असतं. एप्रिल ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबर, हेच खरे दिवस.

मिलानच्या कालव्यांची गंमत वेगळी. नाविल्यो ग्रांदे बाराव्या शतकापासूनचा, त्याच्या काठचा रस्ता सुरेख. पण देखभालीसाठी वसंतात आणि शरदात पाणी तोडतात. आपल्याकडे पाटाचं आवर्तन बंद असतं तसंच. तळाचा चिखल आणि जुने टायर बघायला जायचं नसेल तर आधी चौकशी करा.

व्हेनिसच्या जुन्या शहरात सायकल चालवायलाच नव्हे, हाताने ढकलत न्यायलाही बंदी आहे. ती अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेलाच ठेवा.

परतीची गाडी

मांतोवाहून पेस्किएराला थेट रेल्वे नाही, वेरोनाला गाडी बदलावी लागते. आम्ही हे मांतोवाच्या स्टेशनवर वाचलं! सायकलचं चिन्ह असलेल्या प्रादेशिक गाडीतच सायकल जाते. त्रेनितालिया या इटलीच्या सरकारी रेल्वे कंपनीचं सायकलीचं पूरक तिकीट साडेतीन युरोंचं, त्या दिवसापुरतं. वेगवान गाड्यांना सायकल सुटी करून पिशवीत भरावी लागते. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आणि संप. 'शोपेरो' हा शब्द दिसला की समजायचं. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्यांसाठी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळा राखलेल्या असतात, त्यात मोजक्या गाड्या सुटतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. सकाळी दहाला स्टेशनवर पोचलो आणि दिवसभर मांतोवात अडकलो. जुलै असल्यामुळे तलाव कमळांनी भरला होता. १९२१ मध्ये कोणीतरी आशियातून आणून लावलेली ती कमळं आता आवरत नाहीत इतकी पसरली आहेत. मेहुणा काठावर बराच वेळ बसून होता. मग म्हणाला, "दाजी, इतकी कमळकाकडी, आणि एका मेनूवर भाजी नाही."